आर. के.च्या लोगोतून नर्गिस कधीच गेल्या नाहीत: राज कपूर आणि व्हायोलिनवाल्या चिन्हाची ५० वर्षं

एका हातात व्हायोलिन घेतलेला तरुण, त्याच्या दुसऱ्या हातावर मागे झुकलेली तरुणी आणि सोबत ‘आर. के.’ ही दोन अक्षरं. जुने हिंदी सिनेमे मोबाइलवर पाहणाऱ्यांना आजही हे चिन्ह सुरुवातीच्या काही सेकंदांत दिसतं. बहुतेक जण तेवढा भाग पुढे ढकलतात. पण राज कपूर यांच्या आयुष्यातला बराच मोठा भाग त्या काही सेकंदांत आहे.

हा लोगो कोणत्या सिनेमातून आला, त्यातली बाई कोण आणि ती आर. के. सोडून गेल्यावरही चिन्ह का बदललं नाही, हे समजून घेऊ.

लोगोच्या आधी

राज कपूर यांचा जन्म १४ डिसेंबर १९२४ रोजी पेशावरमध्ये झाला. वडील पृथ्वीराज कपूर मुंबईत नावाजलेले नट, पण मुलाला थेट नायकाची खुर्ची मिळाली नाही. किदार शर्मा यांच्या हाताखाली क्लॅप देण्यापासून सुरुवात झाली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्येही त्यांनी उमेदवारी केली. १९४७ मध्ये शर्मांनीच त्यांना ‘नील कमल’मध्ये मधुबालासमोर नायक केलं.

पुढच्याच वर्षी राज यांनी स्वतःची संस्था काढली आणि ‘आग’ दिग्दर्शित केला. वय २३. आज इंजिनीअरिंग संपवून पहिल्या नोकरीत लॅपटॉप मिळण्याची वाट पाहण्याचं हे वय. ‘आग’मध्ये नर्गिस होत्या, पण व्हायोलिनवालं चिन्ह नव्हतं. असणार तरी कसं? ते ज्या सिनेमातून आलं, तो अजून बनायचाच होता.

‘बरसात’मधली ती मिठी

१९४९ चा ‘बरसात’. राज कपूर व्हायोलिन वाजवणारा प्राण, नर्गिस काश्मीरमधली रेशमा. व्हायोलिनचे सूर कानावर पडले की रेशमा घरातून धावत सुटते आणि त्याच्या मिठीत कोसळते. त्याच्या एका हातात व्हायोलिन तसंच राहतं, दुसऱ्या हातावर ती झुकलेली. हीच मुद्रा पोस्टरवर आली आणि सिनेमा प्रचंड चालला. शंकर-जयकिशन यांचा हा पहिला सिनेमा, निम्मी यांचाही.

हातातलं व्हायोलिन न सोडता बाईला कवेत घेणारा वादक जगाने याआधीही पाहिला होता. टॉलस्टॉय यांच्या ‘क्रॉइत्झर सोनाटा’ या कथेवरून फ्रेंच चित्रकार रेने प्रिने यांनी १९०१ मध्ये असंच एक चित्र काढलं आणि पुढे ते एका अत्तराच्या जाहिरातींतून जगभर पोहोचलं. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर साम्य लगेच जाणवतं.

‘बरसात’च्या यशानंतर राज यांनी ही मुद्राच संस्थेचं चिन्ह केली. यात धाडस होतं. मराठी प्रेक्षकांच्या ओळखीची चिन्हं आठवा. ‘प्रभात’ची तुतारी फुंकणारी स्त्री म्हणजे उगवता दिवस, त्यात कोणा एका सिनेमाचा संबंध नाही. व्ही. शांताराम यांचं ‘राजकमल’ हे नाव वडील राजाराम आणि आई कमल यांच्यावरून आलं. मेहबूब खान यांनी तर विळा-हातोडा घेतला. या सगळ्यांनी विचार, आईवडील किंवा पहाट निवडली. राज कपूर यांनी निवडला स्वतःच्याच सिनेमातला प्रेमाचा एक क्षण, तोही स्वतःसकट.

वडिलांनाही त्यांनी बाहेर ठेवलं नाही. आर. के.च्या अनेक सिनेमांच्या सुरुवातीला पृथ्वीराज कपूर शिवलिंगाची पूजा करताना दिसतात. आधी वडिलांची पूजा आणि मग मुलाची मिठी असा हा क्रम. त्या काळच्या घरात जे एका खोलीत शक्य नव्हतं, ते एका पडद्यावर जमलं.

चेंबूरचा स्टुडिओ

स्टुडिओसाठी चेंबूर निवडलं गेलं. दहिसरहून निघालात तर आज हे मुंबईचं दुसरं टोक वाटतं, पण तेव्हा दोन्ही ठिकाणी मोकळी जमीन होती. (दहिसर मुंबई महापालिकेत आलं ते १९५७ मध्ये.) बॉम्बे टॉकीज मालाडला आणि फिल्मिस्तान गोरेगावला गेलं ते याच कारणाने. ‘आवारा’ १९५१ मध्ये आला, १९५४ मध्ये सोव्हिएत संघात पोहोचला आणि तिथे त्याची सहा कोटींहून जास्त तिकिटं खपली. ‘श्री ४२०’ १९५५ चा.

मग नर्गिस गेल्या

१९५६ च्या ‘जागते रहो’च्या शेवटी नर्गिस तहानलेल्या नायकाला पाणी पाजतात. आर. के.साठी त्यांचं ते शेवटचं काम. १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ आला आणि १९५८ मध्ये त्यांनी सुनील दत्त यांच्याशी लग्न केलं. राज कपूर यांचं लग्न १९४६ मध्येच कृष्णा यांच्याशी झालेलं होतं.

आता प्रश्न लोगोचा. कोणत्याही कंपनीत भागीदार बाहेर पडला की आधी पाटी बदलते. इथे पाटीवर भागीदाराचं नाव नव्हतं, तिचं शरीर होतं, झुकलेली मान होती. तरी ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) त्याच चिन्हाखाली आला आणि ‘संगम’ही (१९६४). तेव्हा नायिका होत्या पद्मिनी आणि वैजयंतीमाला, पण चिन्हात त्यांना जागा मिळाली नाही.

बदल झाला तो रेषांमध्ये. सुरुवातीची आकृती ‘बरसात’च्या पोस्टरच्या जवळची होती, ओळखू येणारी. पुढे चेहरे गेले, कपड्यांच्या चुण्या गेल्या आणि मोजक्या वळणदार रेषा उरल्या. तांत्रिक भाषेत सांगायचं तर फोटोचा आयकॉन झाला, म्हणजे माहिती कमी आणि ओळख जास्त. माझ्या मते चिन्ह टिकलं ते यामुळे. चेहरे तसेच राहिले असते तर प्रत्येक नव्या सिनेमाच्या आधी जुनं प्रकरण आठवत राहिलं असतं. रेषा झाल्यावर ती बाई नर्गिस असूही शकत होती आणि नसूही. कृष्णा कपूर यांनी मात्र ती कोण आहे हे माहीत असताना त्या फाटकातून दशकानुदशकं ये-जा केली. लोगोच्या इतिहासात त्यांचा उल्लेख सहसा येत नाही, यायला हवा.

जोकर, बॉबी आणि एक भेट

१९७० चा ‘मेरा नाम जोकर’ चार तासांहून लांब होता, दोन मध्यंतरं होती. तो कोसळला आणि स्टुडिओ गहाण पडला. सावरलं ते १९७३ च्या ‘बॉबी’ने. त्यात डिंपल कपाडिया पिठाचा हात केसांना लावत दार उघडतात, तो प्रसंग राज आणि नर्गिस यांच्या पहिल्या भेटीवरून घेतला होता. म्हणजे लोगोतली बाई आता पटकथेतही परतली होती.

प्रत्यक्षात त्या परतल्या १९८० मध्ये, ऋषी कपूर यांच्या लग्नाच्या समारंभाला, सुनील दत्त यांच्यासोबत. ऋषी यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की ‘जागते रहो’नंतर २४ वर्षांत त्यांनी आर. के.मध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. त्या अवघडल्या होत्या आणि त्यांना सावरलं ते कृष्णा यांनी, जुनं काही मनात ठेवू नका असं समजावून. पुढच्याच वर्षी, ३ मे १९८१ रोजी, नर्गिस यांचं निधन झालं.

राज यांच्यानंतर

‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) हा राज यांनी पूर्ण केलेला शेवटचा सिनेमा. २ मे १९८८ रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्काराच्या सोहळ्यात त्यांना दम्याचा तीव्र झटका आला. राष्ट्रपती आर. वेंकटरमण व्यासपीठावरून उतरून त्यांच्यापाशी आले आणि तिथेच पुरस्कार दिला. महिनाभराने, २ जूनला, राज कपूर गेले.

चिन्ह मुलांकडे आलं. रणधीर यांनी ‘हिना’ (१९९१), राजीव यांनी ‘प्रेमग्रंथ’ (१९९६) आणि ऋषी यांनी ‘आ अब लौट चलें’ (१९९९) केला. हा शेवटचा सिनेमा आला तेव्हा ‘बरसात’ला बरोबर ५० वर्षं झाली होती. नंतर स्टुडिओ टीव्ही मालिका आणि रिअ‍ॅलिटी शोच्या चित्रीकरणावर चालला. चेंबूरकरांना तो गणपतीमुळे जास्त आठवतो.

१६ सप्टेंबर २०१७ रोजी एका रिअ‍ॅलिटी शोच्या सेटला आग लागली आणि जुन्या सिनेमांचे जपून ठेवलेले पोशाखही त्यात गेले. पुढच्या वर्षी कुटुंबाने स्टुडिओ विकायचं ठरवलं. कृष्णा कपूर यांचं निधन १ ऑक्टोबर २०१८ चं. मे २०१९ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने सुमारे २.२ एकरांची ही जागा घेतल्याचं जाहीर केलं. आता तिथे निवासी प्रकल्प आहे, त्याचं नाव ‘गोदरेज आरकेएस’. आर. आणि के. ही अक्षरं त्या नावात टिकली आहेत. व्हायोलिन पाहायचं असेल तर ‘बरसात’च लावावा लागेल.