मायकेल फॅरडे

मायकेल फॅरडे ह्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागला आणि बांधावयास आलेले ग्रंथ वाचून त्यास विज्ञानाची गोडी लागली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तो हंफ्री डेव्हीचा साहाय्यक झाला. १८३१ मध्ये त्याने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करून दाखविली.

१८३६ मध्ये त्याने बारा फूट लांब, रुंद व उंच अशी लाकडी चौकट उभारून तीवर तांब्याची तार व कथिलाचा वर्ख चढविला. यंत्राने तीस विद्युद्भारित करताच बाहेर ठिणग्या उडू लागल्या. फॅरडे स्वतः आत जाऊन राहिला. त्याच्या उपकरणांना आत विजेचा मागमूसही लागला नाही!

एका यंत्रातील विद्युत्‌लहरींनी दुसऱ्याच्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून आज धातूचे कवच घालतात, ते ह्याच तत्त्वावर. विद्युत् उपकरणे पारखणारी 'एर्डा' ही संस्था तर आपल्या बडोद्यातच आहे.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडे निवर्तला. कसोटीची जोखीम त्याने दुसऱ्यावर टाकली नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.