एडगर कॉड: डेटाला हात न लावता डेटाबेसचा नकाशा काढता येतो, तो यांच्यामुळे

मोबाइलवर महाभूलेख उघडून कधी सातबारा बघितलाय? जिल्हा भंडारा, तालुका साकोली, मग गाव, मग गट नंबर. एवढं निवडलं की शेताचा उतारा समोर! अशा सोयींमागे बहुतेक ठिकाणी रिलेशनल डेटाबेस असतो. ही कल्पना मांडली एडगर कॉड यांनी. आज त्यांचीच गोष्ट बघूया.

वैमानिक ते प्रोग्रामर

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा. सात भावंडांत सगळ्यात धाकटे. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमान चालवलं. नंतर अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. तिथे सिनेटर मॅकार्थी लोकांना कम्युनिस्ट ठरवून त्यांच्यामागे लागले होते. त्याचा संताप येऊन १९५३ मध्ये कॉड सरळ कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतले, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली आणि सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत काम करू लागले.

झाडाऐवजी टेबल

तेव्हा डेटा झाडासारखा ठेवायचे. वर जिल्हा, खाली तालुका, त्याखाली गाव. कुठल्या फांदीवरून कुठे जायचं ही वाट प्रोग्राममध्येच लिहिलेली असायची. फांदी हलली की प्रोग्राम बिघडला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, ८ तालुके तिकडे गेले. झाडाच्या पद्धतीत त्या फांद्या सगळ्या गावांसकट उपटून दुसरीकडे लावाव्या लागल्या असत्या. कॉड यांच्या पद्धतीत जिल्ह्यांचं एक टेबल, तालुक्यांचं दुसरं, गावांचं तिसरं. तालुक्याच्या रोमध्ये फक्त जिल्ह्याचा कोड. म्हणजे जिल्ह्यांच्या टेबलमध्ये गोंदियाची एक रो वाढवायची आणि ८ तालुक्यांचा कोड बदलायचा. गावांच्या टेबलला हात लावायची गरजच नाही! दुसऱ्या टेबलकडे बोट दाखवणाऱ्या अशा कोडला फॉरेन की म्हणतात.

१९७० मध्ये कॉड यांनी हा शोधनिबंध छापला. पण आयबीएमचं झाडाच्या पद्धतीचं आयएमएस तेव्हा चांगलं विकलं जात होतं, त्यामुळे घरच्याच कंपनीने घाई केली नाही. १९७४ मध्ये चार्ल्स बाखमन यांच्याशी कॉड यांचा जाहीर वाद झाला. बाखमन जुन्या बाजूचे मोठे नाव, चौकोन आणि बाण काढून डेटा समजावणारे. पुढे १९७९ मध्ये, आज ओरॅकल म्हणून ओळखली जाणारी छोटी कंपनी एसक्यूएलवर चालणारा डेटाबेस घेऊन आयबीएमच्या आधी बाजारात उतरली. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

नकाशा कुठून येतो?

१९८५ मध्ये बऱ्याच कंपन्या जुन्याच मालावर रिलेशनलचं लेबल लावून विकत होत्या. कॉड चिडले आणि खरा रिलेशनल डेटाबेस कोणता, याचे नियम जाहीर केले. त्यातला एक नियम आपल्या कामाचा: डेटाबेसची रचना, म्हणजे टेबलांची आणि कॉलमची माहितीसुद्धा टेबलांमध्येच ठेवायची, आणि ती नेहमीच्याच भाषेत विचारता आली पाहिजे. याला कॅटलॉग म्हणतात.

आजची डायग्राम काढणारी टूल्स हाच कॅटलॉग वाचतात. चौकोन म्हणजे टेबल, रेघ म्हणजे फॉरेन की. खातेदाराचं नाव किंवा मोबाइल नंबर बघायची गरजच पडत नाही. घरात न शिरता घराचा नकाशा मिळाला म्हणा ना!

पण डेटाबेस प्रचंड असेल तर सांभाळून:

- फक्त वाचता येईल असंच लॉगिन वापरा. शक्यतो चालू सिस्टिमवर नको, रिकाम्या कॉपीवर काम करा. कॉपीत रचना असावी, लोकांचा डेटा नको.
- शेकडो टेबलं एका चित्रात कोंबली की कोळ्याचं जाळं होतं. जमीन, खातेदार, फेरफार असे विषयवार तुकडे करा.
- जुन्या डेटाबेसमध्ये फॉरेन की लिहिलेलीच नसते, मग चौकोन सुटे दिसतात. इथेच लोक चुकतात: नातं शोधायला खरा डेटा बाहेर काढतात. तसं करू नका. कॉलमची नावं जुळवून बघा, जुन्या जाणकाराला विचारा.
- ऑफिसची रचना कुठल्याही अनोळखी फुकट वेबसाइटवर चढवू नका. कुठली माहिती कुठे आहे, हे चोराला नुसत्या नकाशावरूनही कळतं.

१८ एप्रिल २००३ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी, फ्लोरिडात कॉड गेले. डेटा कसा ठेवलाय आणि तो कसा दिसतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पहिली डायग्राम काढाल तेव्हा सुरुवात कॅटलॉगपासून करा. लोकांची नावं आहेत तिथेच राहू द्या.