सुताराच्या पोराचं समुद्री घड्याळ

नौदलाचा वारसा सांगणाऱ्या लिमिटेड एडिशन घड्याळांची क्रेझ तुम्हाला ठाऊक असेल. युलिस नार्डिन एकेकाळी जहाजांसाठी क्रोनोमीटर बनवायची, पानेराय इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी घड्याळं. आज ती जमवणारे लाखो रुपये मोजतात. पण समुद्रावर अचूक चालणारं घड्याळ पहिल्यांदा बनवलं ते जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलानं.

हॅरिसनचा जन्म १६९३चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. घड्याळं बनवायला तो स्वतःच शिकला. विशीतच त्यानं लाकडी चाकांचं घड्याळ तयार केलं.

तेव्हा खलाशांपुढे मोठा प्रश्न होता तो रेखांशाचा. १७०७ मध्ये सिली बेटांजवळच्या खडकांवर ब्रिटिश नौदलाची चार जहाजं आदळली आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी २० हजार पौंडांचं बक्षीस जाहीर केलं.

उत्तर वेळेत दडलेलं होतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे जहाजावरची वेळ आणि निघालेल्या बंदरातली वेळ यांतला फरक कळला की रेखांश कळतो. आपली घड्याळं ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहेत ना, ती याच हिशोबानं. अडचण एकच होती. हेलकावे, थंडी-उकाडा आणि दमट हवेत लंबकाचं घड्याळ टिकत नसे.

हॅरिसननं १७३५ मध्ये पहिलं समुद्री घड्याळ बनवलं. वजन सुमारे ३४ किलो! त्यावर तो खूश नव्हता. दुसरं केलं, मग तिसरं. तिसऱ्यातच जवळपास १९ वर्षं गेली. शेवटी १७५९ मध्ये त्यानं वेगळीच वाट धरली आणि १३ सेंटिमीटर व्यासाचं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं चौथं घड्याळ बनवलं, एच-४. १७६१ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनंतर घड्याळ जेमतेम पाच सेकंद मागे पडलं होतं.

तरी पूर्ण बक्षीस मिळालं नाही. परीक्षक मंडळानं आणखी चाचण्या मागितल्या. मंडळावरचे खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन चंद्रावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे समर्थक होते. १७६५ मध्ये निम्मी रक्कम हातात आली, तीही घड्याळाची सगळी रचना उघड केल्यावर. अखेर राजा तिसरा जॉर्ज यानं हॅरिसनचं पुढचं घड्याळ स्वतः तपासलं आणि १७७३ मध्ये संसदेनं ८,७५० पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ऐंशीचा होता.

त्याच सुमारास कॅप्टन कुक एच-४ची हुबेहूब प्रत घेऊन दक्षिणेकडच्या समुद्रात फिरत होता. १७७५ मध्ये परतला तो तिचं कौतुक करतच. पुढच्याच वर्षी हॅरिसन गेला.

त्याची पहिली तीन घड्याळं ग्रिनिचला आजही टिकटिकतात. झीज होऊ नये म्हणून एच-४ मात्र बंद ठेवलंय. कितीही पैसे मोजले तरी ते कुणाच्या कलेक्शनमध्ये जाणार नाही.