शेठ वालचंद हिराचंद

अंबरनाथहून पुण्याकडे जाणारी आगगाडी बदलापूर व कर्जत हीं स्थानकें मागें टाकून बोरघाट चढूं लागली, कीं एकामागून एक बोगदे लागतात. या घाटांतील बोगद्यांचें मोठें काम ज्यांच्या कंपनीनें केलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव आज फार थोड्या उतारूंस ठाऊक असेल. परंतु डोंगराच्या पोटांतून वाट काढणाऱ्या याच पुरुषानें पुढें आकाशाची वाट आपल्या देशास मोकळी करून दिली. भारताच्या सैन्यांत आज जें ‘प्रचंड’ नांवाचें लढाऊ हेलिकॉप्टर आहे, तें ज्या कारखान्यांत तयार होतें, त्याचा पाया वालचंदांनीं घातला. म्हणून त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापूर येथें झाला. घराणें मूळचें सौराष्ट्राकडील, दिगंबर जैन धर्माचें, व कापसाच्या आणि सावकारीच्या व्यवहारांत स्थिर झालेलें. त्यांनीं मुंबईस सेंट झेवियर कॉलेजांत व पुण्यास डेक्कन कॉलेजांत कांहीं काळ शिक्षण घेतलें. पण वडिलोपार्जित पेढीवर बसून व्याज मोजण्यांत त्यांचें मन रमेना. रेल्वेंत पूर्वीं कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशीं त्यांनीं भागी केली व बांधकामाचीं कंत्राटें घेण्यास आरंभ केला. एकाजवळ कामाची माहिती होती, दुसऱ्याजवळ भांडवल व धाडस होतें. सावकाराच्या मुलानें उन्हातान्हांत खडी-मुरुमाच्या ढिगाऱ्यांवर उभें राहावें, हें त्या काळच्या लोकांस विचित्र वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु श्रमाची लाज न बाळगल्यामुळेंच या जोडीचा जम बसला. पुढें टाटांच्या सहकार्यानें त्यांच्या कंपनीचा विस्तार झाला आणि बोरघाटांतील बोगद्यांसारखीं अवघड कामें तिनें पार पाडलीं.

पहिलें महायुद्ध संपतांच वालचंदांची दृष्टि समुद्राकडे वळली. आपल्या देशाचा किनारा हजारों मैलांचा. पण त्यावरून होणारी मोठी वाहतूक सारी परकीय कंपन्यांच्या हातीं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील ‘लॉयल्टी’ हें जहाज विकत घेऊन वालचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी यांनीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजीं हें जहाज मुंबईहून लंडनकडे निघालें. तो दिवस भारतांत आजहि राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. पुढचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनीं भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीस बुडविण्याचा यत्न केला. कित्येक स्वदेशी जहाज-कंपन्या अशाच चढाओढींत पूर्वीं नामशेष झाल्या होत्या. सिंदिया कंपनी तगली, ती तिच्या चालकांनीं तोट्याचीं वर्षें दांतओठ खाऊन सोसलीं म्हणून.

इ. स. १९३९ मध्यें वालचंद अमेरिकेस गेले, ते मोटारींच्या कारखान्याची सिद्धता करण्यासाठीं. परततांना विमानाच्या प्रवासांत त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडली. पॉली यांस चीनमध्यें विमानांचा कारखाना चालविण्याचा अनुभव होता. युरोपांत तेव्हां दुसऱ्या महायुद्धाचा भडका उडालेला होता. चीनमध्यें विमानें होऊं शकतात, तर हिंदुस्थानांत कां होऊं नयेत, हा विचार वालचंदांच्या मनानें घेतला. सरकारास प्रारंभीं या गोष्टीचें महत्त्व पटेना. पण शेठजींनीं पिच्छा सोडला नाहीं. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनीं बंगलोरजवळ सुमारें ७०० एकर जमीन देऊं केली, संस्थान भागीदार झालें, आणि २३ डिसेंबर १९४० रोजीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. पुढल्याच वर्षीं हार्लो जातीचें शिकाऊ विमान तेथें जुळवून उडविण्यांत आलें.

परंतु या यशाचा उपभोग शेठजींस फार दिवस घडला नाहीं. जपान युद्धांत उतरला, शत्रू ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला, आणि १९४२ सालीं सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. नवीं विमानें घडविण्याचें काम मागें पडलें, व पुढें अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती हेंच तेथील मुख्य काम झालें. स्वतः लावलेलें झाड फळण्यापूर्वींच दुसऱ्याच्या अंगणांत गेलेलें पाहण्याचा हा प्रसंग होता. सामान्य मनुष्य अशा वेळीं कटुतेनें खचून जाता. वालचंदांनीं मात्र आपली शक्ति इतर कामांकडे वळविली. विशाखापट्टण येथें त्यांनीं १९४१ सालींच जहाजबांधणीच्या कारखान्याचा आरंभ केला होता. तेथें बांधलेलें ‘जलउषा’ हें जहाज १९४८ मध्यें पंडित नेहरूंच्या हस्तें पाण्यांत सोडण्यांत आलें. मोटारींचें त्यांचें स्वप्न कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळें साकार झालें. पुणें जिल्ह्यांतील उजाड माळावर त्यांनीं उभारलेल्या साखर-कारखान्याभोंवतीं वालचंदनगर हें गांव वसलें. १९४९ सालीं त्यांस पक्षाघातानें गांठलें व ८ एप्रिल १९५३ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

बंगलोरच्या कारखान्याचें पुढें काय झालें, हें सांगितल्यावांचून हें चरित्र पुरें होणार नाहीं. दुसऱ्यांचीं विमानें जुळविणें व दुरुस्त करणें यावर तो थांबला नाहीं. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे, जे जर्मनींत प्रांट्ल या महापंडिताच्या हाताखालीं शिकून आले होते, त्यांच्या आंखणीप्रमाणें तेथें एचटी-२ हें शिकाऊ विमान तयार झालें व १९५१ सालीं, वालचंदांच्या हयातींतच, तें आकाशांत उडालें. १९६४ सालीं या संस्थेस हिंदुस्थान एरोनॉटिक्स हें नांव मिळालें. फ्रेंच परवान्यानें ‘चेतक’ हेलिकॉप्टर, नंतर स्वतःच्या आंखणीचें ‘ध्रुव’, आणि त्यापुढें ‘प्रचंड’, अशी ही परंपरा आहे.

‘प्रचंड’ची गरज कां भासली, हें समजण्याजोगें आहे. हेलिकॉप्टरचीं पातीं हवा खालीं लोटतात, म्हणून तें वर उचललें जातें. डोंगरावर जसजसें उंच जावें तसतशी हवा विरळ होते. पांच हजार मीटरांवर तिची घनता समुद्रकांठच्या सुमारें तीन पंचमांश राहते. पात्यांस लोटण्यास हवा कमी, आणि यंत्रासहि श्वास घेण्यास हवा कमी! १९९९ सालच्या कारगिल युद्धांत याच कारणानें भारताचीं जड लढाऊ हेलिकॉप्टरें त्या शिखरांवर निरुपयोगी ठरलीं, व वाहतुकीचीं हेलिकॉप्टरें अग्निबाणांनिशीं पुढें करावीं लागलीं. त्यांतील एक शत्रूनें पाडलें.

या अनुभवांतून नव्या यंत्राची आंखणी झाली. त्याचें वजन भरल्या स्थितींत ५.८ टनांपर्यंतच ठेवलें. दोन वैमानिक शेजारीं न बसतां एकामागें एक बसतात, त्यामुळें शरीर अरुंद होतें व शत्रूस नेम धरण्यास जागा थोडी मिळते. दोन ‘शक्ति’ यंत्रें त्यास उचलतात. पुढें २० मिलिमीटरची तोफ असून वैमानिक शिरस्त्राणांतून जिकडे पाहील तिकडे ती वळते. पंखांखालीं ७० मिलिमीटरचे अग्निबाण व हवेंतील लक्ष्यांवर सोडण्याचीं अस्त्रें असतात. २९ मार्च २०१० रोजीं तें प्रथम उडालें, २०१५ सालीं सियाचेनच्या हिमप्रदेशांतील तळावर उतरलें, व ३ ऑक्टोबर २०२२ रोजीं जोधपूर येथें वायुदलांत दाखल झालें. मार्च २०२५ मध्यें आणखी १५६ ‘प्रचंड’ घेण्याचा करार झाला. याचें यंत्र फ्रेंच कंपनीच्या साह्यानें सिद्ध झालें आहे व तोफहि फ्रेंच बनावटीची आहे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. वालचंदांनीं आरंभिलेलें कार्य अद्याप पूर्ण झालेलें नाहीं.

शस्त्र हें भूषण नव्हे. निर्बलांचें रक्षण हाच त्याचा एकमेव न्याय्य उपयोग होय, हें आपण कधीं विसरूं नये. परंतु ज्या देशास आपली गरज आपल्या हातांनीं भागवितां येत नाहीं, त्याचें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेलें असतें, हेंहि तितकेंच खरें. वालचंद स्वतः अभियंते नव्हते. कोणतेंहि यंत्र त्यांनीं शोधून काढलें नाहीं. लोक ज्यास अशक्य म्हणत, त्याचा हिशेब मांडून तें शक्य करावें, नफा दुसऱ्यास मिळाला तरी काम देशांत राहिलें यांत समाधान मानावें, हा त्यांचा विशेष होता. आपल्या अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांतून राबणाऱ्या वडीलधाऱ्यांचीं मुलें या शाळेंत शिकत आहेत. त्यांच्यापैकीं कोणी पुढें पूर्णपणें भारतीय यंत्र घडविलें, तर शेठजींचें अपुरें राहिलेलें काम पुरें होईल.