शंभर किलो वजन, दिवसाला दोन पाकिटं सिगारेट आणि अशा माणसानं अख्ख्या अमेरिकेला पळायला लावलं

पळायला सुरुवात करायची असं तुम्ही ठरवता. बूट आणता, पहाटे साडेपाचचा गजर लावता, घरात जाहीर करून टाकता. आणि मग नात्यातला नाहीतर ऑफिसातला एक जण हमखास भेटतो, जो सांगतो की जरा जपून, पळण्यावर पुस्तक लिहिणारा एक अमेरिकन माणूस पळता पळताच हार्ट अटॅकनं गेला होता.

ही अफवा नाही. असा माणूस खरंच होता. त्याचं नाव जिम फिक्स.

गेला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. त्याच्या जाण्यावर अमेरिकेतल्या स्टँडअप कॉमेडीवाल्यांनी पुढं कित्येक वर्षं विनोद केले आणि न पळणाऱ्यांना एक कायमचं निमित्त मिळालं. पण ही गोष्ट सांगणारे लोक ती शेवटापासून सांगतात. आपण सुरुवातीपासून बघू.

जिमचा जन्म २३ एप्रिल १९३२ चा, न्यूयॉर्कमधला. वडील टाइम मासिकात संपादक होते. त्यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा त्यांचं वय होतं फक्त ३५. त्यातून ते वाचले खरे, पण ४३ व्या वर्षी गेले. तेव्हा जिमनं विशीही गाठली नव्हती. हे दोन आकडे लक्षात ठेवा, ३५ आणि ४३. पुढं लागणार आहेत.

मोठा झाल्यावर जिमनंही वडिलांचाच धंदा धरला. ओहायोमधल्या ओबर्लिन कॉलेजातून तो शिकला आणि सॅटर्डे रिव्ह्यू, लाइफ, मॅकॉल्स अशा बड्या मासिकांमध्ये त्यानं संपादकाची नोकरी केली. डोकं तल्लख होतं. कोडी बनवण्याचा नाद होता, त्याची त्यानं पुस्तकंही काढली.

पण संपादकाचं आयुष्य म्हणजे काय, तर दिवसभर खुर्ची, डेडलाइनचं टेन्शन, भरपेट जेवणं आणि हातात सिगारेट. पस्तिशीत आला तोवर जिमचं वजन शंभर किलोच्या आसपास पोहोचलं होतं आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं संपत होती. व्यायामाच्या नावाखाली अधूनमधून टेनिस, तेवढंच.

आणि टेनिसनंच घोळ केला. खेळताना पोटरीचा स्नायू ओढला गेला आणि हा गडी काही दिवस लंगडत फिरायला लागला. साधा खेळ खेळताना आपलं शरीर दगा देतं, ही गोष्ट त्याला झोंबली. पाय मजबूत करायचे म्हणून त्यानं पळायला सुरुवात केली. साल होतं १९६७ आणि वय होतं ३५. वडिलांना पहिला झटका आला होता, बरोबर तेच वय.

आता ते १९६७ साल कसं होतं, हेही बघितलं पाहिजे. आज सकाळी कुठल्याही शहरात पळणारी माणसं दिसतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हाच्या अमेरिकेत मात्र मोठा माणूस रस्त्यावरून पळताना दिसला की लोक वळून बघायचे. एकतर हा पैलवान असेल नाहीतर याच्या मागं कुणीतरी लागलं असेल, असाच समज. साध्या माणसानं तब्येतीसाठी सावकाश पळायचं, ही कल्पनाच नवी होती.

ती अमेरिकेत आली न्यूझीलंडहून, आणि तोही किस्सा भारी आहे. ऑर्थर लिडियार्ड नावाच्या कोचनं तिथं सामान्य माणसांना, अगदी हृदयविकाराच्या पेशंटनासुद्धा, सावकाश पळायला लावलं होतं. १९६२ च्या शेवटी ओरेगन विद्यापीठाचे नावाजलेले ट्रॅक कोच बिल बॉवरमन तिकडं गेले आणि या मंडळींबरोबर पळायला निघाले. बॉवरमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. दुसऱ्यांना पळवणं हे त्यांचं काम होतं, स्वतः पळून मात्र जमाना झाला होता. थोड्याच वेळात ते धापा टाकायला लागले आणि मागं पडले. त्यांच्या सोबतीला कोण थांबलं, तर हृदयविकाराचे झटके पचवलेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. आजोबा गप्पा मारत पळत होते आणि कोचसाहेबांना उत्तर द्यायला दम पुरत नव्हता.

बॉवरमन घरी परतले ते हे खूळ डोक्यात घेऊनच. त्यांनी गावकऱ्यांसाठी वर्ग सुरू केले आणि एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर छोटं पुस्तक लिहिलं. नायके कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक म्हणजे हेच बॉवरमन.

परत जिमकडे येऊ.

जिमनं काही महिन्यांत चमत्कार वगैरे केला नाही. तो हळूहळू पळत राहिला. मग एकदा हिंमत करून त्यानं पाच मैलांच्या शर्यतीत नाव दिलं. म्हणजे साधारण आठ किलोमीटर. निकाल काय लागला? आपला गडी शेवटून पहिला. वयानं त्याच्याहून कितीतरी मोठी असलेली माणसं त्याला मागं टाकून गेली.

माझ्या मते जिमच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच. बहुतेक जण अशा दिवसानंतर बूट माळ्यावर टाकतात. जिमला उलट प्रश्न पडला की या म्हाताऱ्या माणसांना हे जमतं कसं? संपादकाचा किडा जागा झाला. तो डॉक्टरांना भेटायला लागला, संशोधन वाचायला लागला, पळणाऱ्यांशी बोलायला लागला. दहा वर्षांत वजन सत्तावीस किलोंनी उतरलं आणि सिगारेट सुटली. ज्याला एक शर्यत धड पळता येत नव्हती, तो बोस्टन मॅरेथॉन पळून आला. पुढं रोज साधारण दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर हा त्याचा रतीब झाला.

या सगळ्यातून १९७७ साली आलं त्याचं पुस्तक, द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग. लालभडक मुखपृष्ठ आणि त्यावर पळणारे दोन पाय, तेही खुद्द जिमचेच. पुस्तक अकरा आठवडे बेस्टसेलर यादीत पहिल्या नंबरावर राहिलं आणि दहा लाखांवर प्रती खपल्या.

वातावरणही तयार होतं म्हणा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकन धावपटूनं मॅरेथॉनचं सुवर्णपदक जिंकलं होतं. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० साली सुरू झाली तेव्हा कसेबसे १२७ जण पळायला उभे होते आणि त्यातल्या ५५ जणांनी ती पूर्ण केली होती. १९७६ पासून तीच शर्यत शहराच्या पाचही भागांतून जायला लागली.

पण शॉर्टरकडे बघून लोक टाळ्या वाजवायचे, जिमकडे बघून त्यांना स्वतःला पळावंसं वाटायचं. कारण पुस्तक लिहिणारा चॅम्पियन नव्हता. जाड होता, सिगारेट ओढायचा, शेवटचा आला होता. बूट कसे घ्यायचे, पावसात काय करायचं, कुत्रं मागं लागलं तर काय, लोक हसतील याची लाज कशी घालवायची, असल्या प्रश्नांची उत्तरं त्यात होती. नवख्यासाठी वेग मोजायची सोपी युक्ती होती. पळताना शेजारच्याशी बोलता येतंय का? येत असेल तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा, नाहीतर सरळ चालायचं. बॉवरमनची त्या आजोबांसमोर झालेली फजिती आठवते ना, तोच नियम. आजही नवख्यांना हाच सल्ला दिला जातो.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता अवघड भाग.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या थॉमस बॅस्लर नावाच्या डॉक्टरांनी एक दावा केला होता. सिगारेट न ओढणारा माणूस मॅरेथॉन पूर्ण करू शकत असेल तर त्याच्या हृदयाच्या वाहिन्यांना ब्लॉकेजची भीती नाही, असा तो दावा. पळणाऱ्यांना हे ऐकायला फार गोड वाटलं, न वाटतं तरच नवल. पण १९७९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या शवविच्छेदनाचे पुरावेच मांडले. मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या वाहिन्याही तुंबतात, हे त्यातून स्पष्ट झालं.

जिम या विषयावर वाचणारा माणूस होता. वडिलांचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. तरीही स्वतःच्या हृदयाच्या बाबतीत त्यानं डोळेझाक केली. व्यायाम करताना छाती आवळल्यासारखी वाटते असं तो जवळच्या माणसांकडं बोलला होता. १९८३ च्या अखेरीस तो टेक्सासमध्ये डॉ. केनेथ कूपर यांच्या क्लिनिकमध्ये गेला होता. हे कूपर म्हणजे एरोबिक्स हा शब्द घराघरात नेणारे डॉक्टर. त्यांनी ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी करून घ्यायला सुचवलं. जिम नाही म्हणाला.

२० जुलै १९८४. व्हरमाँट राज्यातल्या हार्डविक गावाजवळ जिम एकटाच पळायला बाहेर पडला. रस्त्याच्या कडेला तो कोसळलेला सापडला. शवविच्छेदनात दिसलं की हृदयाच्या वाहिन्या भयंकर तुंबल्या होत्या, एक तर जवळजवळ पूर्ण बंद. आणि हृदयावर आधी येऊन गेलेल्या झटक्यांचे व्रण होते.

मग पळण्यानं जिमचा जीव घेतला का?

वडिलांकडून आलेला वारसा, पस्तिशीपर्यंतचं वजन आणि वर्षानुवर्षांच्या सिगारेटी, हा हिशोब पहिल्या दिवशी बूट घालण्याआधीच मांडला गेला होता. पळण्यानं हृदयाचा स्नायू तगडा होतो, रक्तदाब आणि वजन आटोक्यात येतं. पण वाहिनीत साचलेला थर पळून धुऊन निघत नाही. उलट हृदय तगडं असल्यामुळं माणूस जास्त ओढून नेतो आणि आतला बिघाड उशिरा कळतो, असंही होऊ शकतं. त्यातही, वडील ४३ व्या वर्षी गेले आणि जिम ५२ पर्यंत जगला. नऊ वर्षं जास्त. ती पळण्यानं दिली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण खुर्चीत बसून तो तिथवर पोहोचला असता असं म्हणायलाही फारसं कुणी धजावत नाही.

योगायोग बघा, जिम गेला त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही बाजूंना उत्तर होतं. दमवणारा व्यायाम चालू असताना हृदय अचानक बंद पडण्याचा धोका एरवीपेक्षा वाढतो, हे खरं निघालं. ज्यांना सवय नाही त्यांच्यात तो ५६ पट वाढत होता, सवय असलेल्यांमध्ये ५ पट. पण चोवीस तासांचा एकूण धोका काढला तेव्हा नियमित व्यायाम करणाऱ्यांचा धोका न करणाऱ्यांच्या फक्त ४० टक्के भरला.

म्हणजे सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी अचानक जीव तोडून पळणाऱ्याला. चालत, थांबत, गप्पा मारत सुरू करा असं जिमचं पुस्तक सांगत होतं, ते याच माणसाला.

डॉ. कूपर यांनी १९८५ साली जिमच्या मृत्यूचा छडा लावणारं एक आख्खं पुस्तकच लिहिलं. पळणं थांबवा असं त्यात कुठंच नाही. तिशी-चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी, त्यातही ज्यांच्या घरात कुणी कमी वयात हृदयविकारानं गेलं आहे त्यांनी, आधी तपासणी करून घ्यावी आणि छातीत काही वाटलं तर त्याच दिवशी थांबावं, असा त्याचा रोख आहे. तपासणी म्हणजे तीच ती ट्रेडमिलवरची काही मिनिटं, जिला जिमनं सहा-सात महिने आधी नकार दिला होता.