पोलादी माइक

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा चेंडू येतो. अमेरिकेत मात्र याच नावाचा एक निराळाच खेळ लोकप्रिय आहे. दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू हातात घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन धावणाऱ्याला लोळवायचे, असा हा रांगडा खेळ! त्यातील एका वीराची कहाणी मला सांगावीशी वाटते.

माइक वेबस्टरचा जन्म १८ मार्च १९५२ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील टॉमहॉक येथे झाला. घरी बटाट्याची शेती. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळताना त्याने नाव मिळवले आणि १९७४ साली पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने त्याला पाचव्या फेरीत निवडले. अंगाने तो लहानच समजला जाई. पण वजने उचलून त्याने शरीर कमावले. त्याची जागा ‘सेंटर’ची. चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला भिडायचे, हे त्याचे काम. कडाक्याच्या थंडीतही तो उघड्या दंडांनी मैदानात उतरे. १९७५ ते १९८० या काळात स्टीलर्सने चार वेळा सुपर बोल जिंकला. चारही वेळा वेबस्टर संघात होता. लोक त्याला पोलादी माइक म्हणू लागले. १७ हंगाम आणि २४५ सामने खेळून तो निवृत्त झाला. १९९७ मध्ये या खेळाच्या मानाच्या दालनात त्याचा समावेश झाला.

पण या सन्मानाच्या वेळी आतून तो पार ढासळला होता. स्मृती दगा देत होती, झोप उडाली होती, संसार मोडला होता, पैसा संपला होता. चार विजयांचा हा मानकरी कित्येक रात्री आपल्या मोटारीत काढी. १९९९ मध्ये खेळाडूंच्या निवृत्तिवेतन मंडळाने त्याचे अपंगत्व खेळात डोक्याला बसलेल्या माराने आल्याचे मान्य केले. २४ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय अवघे ५० वर्षे!

पिट्सबर्ग येथे त्याचे शवविच्छेदन नायजेरियात जन्मलेल्या डॉ. बेनेट ओमालू यांनी केले. मेंदू वरकरणी निरोगी दिसत होता. तरीही त्यांनी तो जतन केला आणि त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. टाऊ नावाच्या प्रथिनाची पुटे पेशींत साचली होती. मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत असा विकार १९२८ पासून वैद्यकाला ठाऊक होता. फुटबॉलपटूत तो प्रथमच सिद्ध झाला. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. असे हिसके हजारो वेळा बसले की मेंदू हळूहळू झिजतो. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध होताच व्यावसायिक लीगच्या वैद्यकीय समितीने तो लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही.

पुढे खेळाडू न्यायालयात गेले, आणि लीगला नियम बदलावे लागले. २००९ पासून मेंदूला धक्का बसलेल्या गड्याला स्वतंत्र वैद्याच्या संमतीशिवाय परत खेळता येत नाही. २०११ मध्ये आरंभीची लाथ पाच यार्ड पुढून मारण्याचे ठरले, म्हणजे दूरवरून धावत येऊन होणाऱ्या टकरी कमी व्हाव्यात. त्याच वर्षी सरावातील धडकांवरही मर्यादा आली. २०१८ पासून डोके खाली घालून धडक देणे हा गुन्हा ठरला. २०२४ मध्ये तर आरंभीच्या लाथेची मांडणीच बदलण्यात आली. या बदलांनी खेळाचा मर्दपणा गेला, अशी कुरकूर करणारे प्रेक्षकही आहेत.

मला ही कुरकूर पटत नाही. मी कबड्डी खेळतो, आणि पडलेला गडी डोके धरून उठला, पुन्हा उभा राहिला की आपण टाळ्या पिटतो, हे मला ठाऊक आहे. त्या टाळ्यांमुळे बाहेर बसण्याची त्याला लाज वाटते. वेबस्टरला १७ हंगाम अशाच टाळ्या मिळाल्या. गड्याला बाहेर बसवणारा नियम त्याच्या काळी असता, तर कदाचित त्याचे उतारवय घरच्या माणसांत गेले असते. म्हणून मैदानावर कुणी डोके धरून बसला, तर त्याला उठवण्याची घाई आपण करू नये.