सोळावं न पाहिलेला शिरीष

मनपाच्या स्टॉपवर बस बदलताना काँग्रेस भवनाकडे कधी नीट बघितलंय? ऑगस्ट १९४२ मध्ये तिथे तिरंगा लावताना नारायण दाभाडे हा कोवळा पोरगा गोळीला बळी पडला. पुढच्याच महिन्यात तसंच नंदुरबारला घडलं. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्याचं नाव वाचलंय : शिरीषकुमार मेहता.

२८ डिसेंबर १९२६ चा त्याचा जन्म. घर गुजराती, व्यापारी. त्याचं बालपण गेलं ते चळवळीच्या दिवसांत. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी भारताला महायुद्धात ओढलं, इथल्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. १९४० मध्ये विनोबांनी पवनारला या युद्धाविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. मग ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच नेते पकडले गेले. गांधीजींना तर आपल्या पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. मोठे सगळे आत. बाहेर उरले कोण? तुमच्याहून लहान पोरं!

९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. शिरीषच्या हातात झेंडा होता. पोलिसांनी अडवलं, मागे फिरायला सांगितलं. पोरं हटेनात. लाठ्या चालल्या, तरी घोषणा थांबल्या नाहीत. मग एका अधिकाऱ्यानं मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली. शिरीष पुढे झाला आणि मारायचंच तर मला मार, असं त्याला सुनावलं, असं सांगतात. तीन गोळ्या त्याच्या छातीत घुसल्या. तो तिथेच कोसळला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास हे त्याचे साथीदारही त्या गोळीबारात गेले.

विचार करा, सोळावा वाढदिवस साडेतीन महिन्यांवर होता. हातात दगड नाही, काठी नाही, फक्त एक झेंडा. पळून जायला वाट होती, वय होतं, घरी वाट बघणारी आई होती.

हुतात्मा म्हटलं की आपण हार घालतो आणि मोकळे होतो. पण तो आधी एक मुलगा होता, आपल्यासारखाच. कधी नंदुरबारला गेलात, तर त्याच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा. तोवर काँग्रेस भवन आहेच, रोजच्या वाटेवर.